शिट्टीखाली दबलेलं नाव

अक्काचा नवरा निजामाच्या पलटणीबरोबर मलायाला गेला, तेव्हा मी हुमनाबादच्या सरकारी शाळेत सायन्स शिकवत होतो. शिकवायचं उर्दूत, घरी बोलायचं मराठी आणि कानडी मिसळून, आणि रात्री उशाला असायची ती रेडिओची इंग्रजी पुस्तकं. हैदराबादला कॉलेजात असताना संध्याकाळी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करायचो. तिथून येताना ट्रंकेत कपडे कमी आणि भंगारातले व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर जास्त आले होते. माझं लग्न व्हायचं होतं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, छपरावर बांबूला बांधलेली एरियलची तार, आणि टेबलावर उघडा पडलेला, पेटी नसलेला सेट. शेजारच्या बाया त्याला ‘मास्तरचं मढं’ म्हणायच्या, कारण त्याची आतडी बाहेर दिसायची.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून मला तिनंच वाढवलं. तिला दुबलगुंडीला दिली होती. मूलबाळ नव्हतं. भाऊजी उंच, कमी बोलणारे, पण कपड्यालत्त्याचे शौकीन. पलटणीत गेले ते भाकरीसाठी नव्हे. घरी कोरडवाहू का होईना, पुरेशी जमीन होती. त्यांना गणवेश आवडायचा, आणि ते लपवायचेही नाहीत.

सिंगापूर पडलं त्यानंतर काही महिन्यांनी पलटणीचा एक जमादार दुबलगुंडीला आला. ओसरीवर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "लापता."

"लापता म्हंजे?" अक्कानं आतून विचारलं.

"म्हंजे मेला न्हाई," तिचा सासरा म्हणाला. तो म्हातारा शब्दाचा नेमका तेवढाच अर्थ धरणारा माणूस. जमादारानं मान खाली घातली आणि उठला.

त्याच आठवड्यात म्हाताऱ्यानं अक्काला बैलगाडीत घालून माझ्याकडे आणून सोडलं. त्याचं कारण माझा सेट. मोटारस्टँडवरच्या गॅरेजात मी माझी बॅटरी भरून घ्यायचो. तिथला एक ड्रायव्हर सोलापुराहून ऐकून आला होता, की जपानी लोक आपल्या रेडिओवरून पकडलेल्या शिपायांची नावं वाचतात. कधी संध्याकाळी, कधी आठवडाभर काहीच नाही, पण वाचतात. नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. ही बातमी दुबलगुंडीला पोचायला वेळ लागला नाही.

"तुझं यंत्र हाय ना?" म्हातारा म्हणाला. "मग ऐक. सुनेला बी ऐकव. दुसऱ्यानं येऊन सांगितलं तर त्यात काय, माझ्या पोराचं नाव तिनं तिच्या कानानं ऐकलं पायजे."

शत्रूचं स्टेशन ऐकणं तेव्हा गुन्हा होता. म्हणून मी भोंगा काढून ठेवला आणि हेडफोन लावले. हेडफोनची जोडी मधली पट्टी काढून सोडवली. एक तुकडा अक्काच्या कानाला, एक माझ्या. दिवेलागणीला दार लावून आम्ही टेबलाशी समोरासमोर बसायचो. अक्का डोक्यावरचा पदर कानावरून घट्ट ओढून घ्यायची, म्हणजे हेडफोन पदराखाली दडायचा. कुणी आलंच तर मी वह्या तपासत बसलोय आणि बहीण डोकं दुखतंय म्हणून कान दाबून बसलीय, असं दिसायचं.

पहिले कित्येक दिवस नुसती खरखर, परक्या भाषेतली गाणी, घंटा, आणि मधेच पुढे सरकून येणारी एक शिट्टी. मग एकदा हिंदुस्तानीतला आवाज सापडला. नावं वाचत होता. रावळपिंडी. झेलम. गढवाल. आमच्या भागाकडे यायला त्याला फार दिवस लागले. अक्का एकही संध्याकाळ चुकवायची नाही. पोटात दुखत असलं तरी येऊन बसायची.

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत ते घडलं. आवाज नावं वाचत होता, आणि एकाएकी शिट्टी वाढली. शिट्टीच्या खालून तुटकतुटक ऐकू आलं, "...अप्पा, वल्द..." मग बापाच्या नावाच्या जागी नुसती किंकाळी, मग "...जिल्हा बीदर." पुढचं नाव अमृतसरचं होतं.

अक्कानं माझं मनगट धरलं.

"ऐकलास?"

"अप्पा म्हणाला."

"त्येंचं नाव अप्पावरच संपतंय," ती म्हणाली. तिनं नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, तेव्हाही उच्चारलं नाही. "अन् जिल्हा बीदर."

आमच्याकडे निम्म्या माणसांची नावं अप्पावर संपतात. तिलाही ते ठाऊक होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून मला ते म्हणवलं नाही. बाजाराच्या दिवशी म्हातारा आला, तेव्हा तिनं जे ऐकलं तेवढंच सांगितलं, एक अक्षर वाढवलं नाही. म्हाताऱ्याला तेवढं पुरलं. त्यानं भेली घेतली आणि दुबलगुंडीत घरोघर गूळ वाटला.

मला मात्र त्या शिट्टीनं झोप येऊ देईना. ती कुठून येते हे मला कळत होतं, आणि दोष माझ्या मिक्सरमध्ये होता.

तसल्या रेडिओचं मर्म मिक्सरमध्येच असतं. हवेतून आलेली लाट आणि सेटनं स्वतःच्या पोटात तयार केलेली लाट, दोन्ही एका व्हॉल्व्हमध्ये सोडायच्या. दोघींच्या कंपनसंख्येत जो फरक, तेवढ्याच कंपनसंख्येची तिसरी लाट बाहेर पडते, आणि पुढचे सगळे टप्पे त्या एका फरकावर लावून ठेवलेले असतात. अडचण एवढीच, की फरक दोन बाजूंनी सारखा येतो. सेटची स्वतःची लाट शंभर धरली, तर नव्वदचं स्टेशनही दहाच्या फरकानं येतं आणि एकशे दहाचंही. यंत्राला फक्त दहा कळतो. कुठल्या बाजूचा दहा, ते कळत नाही. मी ज्या भंगार सेटचे भाग वापरले होते तो फार जुन्या पद्धतीचा, त्याचा फरक फारच लहान. त्यामुळे नको असलेलं स्टेशन हव्या त्या स्टेशनला अगदी चिकटून बसलेलं असायचं, आणि दोन्ही एकदम आत आली की शिट्टी.

उपाय पुस्तकात होता. फरक मोठा करायचा, म्हणजे नको असलेलं स्टेशन दूर ढकललं जातं. मग मिक्सरच्या आधी एक चांगली कॉइल लावली, की ती त्याला दारातच अडवते. पण फरक मोठा केला की पुढच्या टप्प्यांची ताकद घटते. शिवाय माझ्याकडे मिक्सरचा व्हॉल्व्ह एकच होता. लढाईच्या दिवसांत तो जळला असता, तर हैदराबादलाही दुसरा मिळाला नसता. तेव्हा आधी सगळं कागदावर चालवून बघायचं आणि मगच तारांना कथलाचा डाग द्यायचा, असं ठरवलं.

कागद पुरेना, म्हणून शाळा सुटल्यावर मी वर्गातला फळा धरला. व्हॉल्व्हला विजेचा किती दाब दिला की किती प्रवाह जातो, त्याची वक्र रेघ फळ्याच्या एका कोपऱ्यात काढायची. खाली दोन लाटा, एक बारीक, एक मोठी. दोन्हींची बेरीज बिंदूबिंदूनं करायची, प्रत्येक बेरजेला वरच्या रेघेवरून प्रवाह वाचायचा, आणि तो बाजूला मांडायचा. असे बिंदू जोडत गेलं की तिसरी लाट हळूहळू फळ्यावर उमटायची. एक आकडा चुकला तर सगळं पुसायचं. मोठ्या लाटेची उंची बदलून परत. लॉगच्या तक्त्याची पानं माझ्या खडूच्या बोटांनी पांढरी झाली होती.

अक्का मला जेवायला बोलवायला आली की दारातून फळ्याकडे बघत उभी राहायची.

"हे काय नांगरायलास?"

"आतला व्हॉल्व्ह कसा वागेल ते बघायलोय."

"यंत्र घरी हाय अन् तू हितं बघायलास?"

"तिथं बघितलं अन् चुकलं तर व्हॉल्व्ह जाईल, अक्का."

ती आत येऊन बाकावर बसायची. एकदा बराच वेळ बघून तिनं विचारलं, "ह्यातली त्येंची लाट कंची?" मी बारीक लाट दाखवली. मोठी लाट आपल्या सेटची, म्हणून सांगितलं. "येवढी बारीक?" ती म्हणाली.

हिशोब बसला तेव्हा हुरड्याचे दिवस आले होते. जुन्या कॉइल उकलून त्यांचे वेढे चौथ्या हिश्श्यावर आणायचे होते. तार केसासारखी, वर रेशमाचं आवरण. माझा घामट हात लागला की तुटायची. ते काम अक्कानं केलं. उन्हात पाय पसरून बसायची, एका हातात कॉइल, दुसऱ्या हाताच्या बोटांवर सुटलेली तार गुंडाळत जायची, आणि ओठांनी वेढे मोजायची. मधे हाक मारलेली तिला चालायची नाही. मी डाग दिले, टप्पे नव्या फरकावर लावले. पहिल्या दिवशी सेट मुका. बॅटरी उतरली होती, त्यामुळे सेटची स्वतःची लाटच उठत नव्हती. गॅरेजातून बॅटरी भरून आणली आणि हेडफोनमध्ये पहिल्यांदा रेडिओ स्वच्छ बोलला. शिट्टी गेली होती. डायल इकडून तिकडे फिरवली, तरी कुठंच नव्हती. मला शाळेतल्या पोरासारखा आनंद झाला. अक्कानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

नावं मात्र नव्यानं येईनात. मग उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, थोडं आधी तो आवाज पुन्हा सापडला. म्हणाला, ज्यांचे निरोप आधी दिले त्यांतले काही आज परत देतो. आम्ही दोघं ताठ झालो. तीन-चार नावं पंजाबची झाली. आणि मग, समोर बसून कुणी सांगावं इतक्या स्पष्ट आवाजात, एक पूर्ण नाव आलं. अप्पावर संपणारं. बापाचं नाव वेगळं. मौजा खटकचिंचोळी, तालुका भालकी, जिल्हा बीदर. आईला नमस्कार, मी खुशाल आहे.

पुढचं नाव अमृतसरचं होतं.

अक्कानं हेडफोन कानावरून काढला आणि टेबलावर ठेवला. हळूच ठेवला, आवाज न करता. मी माझ्या कानाचा काढला नाही. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं.

"त्येच व्हय का?" तिनं विचारलं. "मागं ऐकलेलं?"

"तेच असावं. त्याच्यानंतर तेव्हा बी अमृतसरच होतं."

ती उठून चुलीकडे गेली. तवा चढवला. भाकरी थापल्याचा आवाज मला ऐकू येत होता. थापता थापता ती तिथूनच म्हणाली, "त्या बाईला ठाऊक असंल का रे?"

"कुणाला?"

"खटकचिंचोळीच्या. तिला कोण सांगणार? तिच्याकडं कुठं यंत्र हाय?"

मला त्या क्षणी त्या बाईशी काही घेणंदेणं नव्हतं. खरं सांगायचं तर तिचा रागच आला होता. म्हणालो, "सांगता येईल कुणाबरोबर तरी."

"असं सांगतेत व्हय?" अक्का म्हणाली. "शाळेला सुट्टी कवा हाय?"

आम्ही सुट्टीच्या दिवशी मोटारीनं थोडं आणि मग बाजाराच्या गाडीतून उरलेलं गेलो. खटकचिंचोळी मोठं गाव, घर शोधायला विचारत जावं लागलं. बाई दारात तूर पाखडत बसली होती. विधवा, अक्काच्या सासऱ्याच्या वयाची. दोन परकी माणसं दारात बघून ती सूप घेऊनच उभी राहिली. अक्कानं मला बाहेरच थांबवलं. बाईला आत घेऊन गेली आणि दार पुढं केलं. मग एक हुंदका आला, आणि त्यानंतर बाईचा आवाज, "परत म्हण गं माय. काय म्हणाला? परत म्हण." अक्कानं परत म्हटलं. नमस्कार, खुशाल आहे. मग आणखी एकदा.

बाहेर आली तेव्हा त्या बाईनं तिचे दोन्ही हात धरले होते. म्हणाली, "तुझं बी कोण हाय का तिकडं?"

"हायेत," अक्का म्हणाली.

"त्येंचं बी नाव येईल बघ."

"व्हय," अक्का म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडीत ती जराही रडली नाही. तुरीचं एक गाठोडं बाईनं दिलं होतं, ते मांडीवर धरून बसली होती. हुमनाबाद जवळ आल्यावर मी विचारलं, "दुबलगुंडीला काय सांगायचं?"

"मामंजींला काही सांगू नको."

"पण अक्का..."

"काय पण? त्या पोराचं नाव आलं म्हंजे ह्येंचं गेलं, असं कुठं हाय? गूळ वाटलाय त्येंनी. आता घरोघर जाऊन परत मागतील का?"

हिशोबात ती बरोबर होती. एक नाव स्पष्ट झालं, म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. आम्ही पुढंही ऐकत राहिलो. पावसाळा गेला, दुसरा आला. बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या, मग रोजचं बसणं आठवड्यावर आलं. कुणाची नावं आमच्या भागातली असली की अक्का ती पाठ करून ठेवायची, आणि बाजारात त्या त्या बाजूच्या बायांना कानात सांगायची. एक उदगीरकडचा होता, एक बिदरातला मुसलमान पोरगा होता. त्याची आजी काठी टेकत आमच्या दारी आली. मेवा आणला होता. तिनं अक्काचं तोंड कुरवाळून किती दुवा दिल्या. भाऊजींचं नाव त्या सगळ्यांत कधीच आलं नाही.

म्हातारा बाजाराच्या दिवशी यायचा. ओसरीवर टेकून विचारायचा, "परत बोलला का गं?" अक्का म्हणायची, "एकडाव बोलले की. सारखंसारखं बोलू देत न्हाईत तिकडं." म्हातारा मान हलवायचा. एका थंडीत छातीत कफ भरून तो गेला. मरताना शुद्धीत होता. त्यानं सुनेला जवळ बोलावून सांगितलं, "तो आल्यावर त्याला म्हण, विहिरीकडची जमीन नांगरून ठेवलीय." तिनं व्हय म्हटलं.

लढाई संपली. कैदी परत यायला लागले, तरी आमच्याकडं कुणी आलं नाही. मग एके दुपारी खटकचिंचोळीचा तो शिपाई आला, आईला घेऊन. तिशीचाही नसेल, पण गालफडं आत गेलेली, हाताची कातडी लोंबणारी. ओसरीवर बसला आणि बोलेना. त्याच्या आईनंच त्याला ढोसलं, "सांग. त्यासाठीच आलोत न्हाई का?"

तो आणि भाऊजी एकाच पलटणीतले. लढाई सुरू झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, समुद्राकाठाहून मागं हटताना, रबराच्या झाडांत भाऊजींना पोटात गोळी लागली होती. पाऊस पडत होता. ह्यानं त्यांना झाडाला टेकवून बसवलं. सकाळची गोष्ट. दुपारपर्यंत ते होते.

"काय बोलले?" अक्कानं विचारलं.

शिपाई घुटमळला. "अक्का, खरं सांगू? घरचं काही बोलले न्हाईत. बुटाचं म्हणायलते. नवे बूट मिळालते पलटणीत. भिजून खराब झाले, भिजून खराब झाले, असंच म्हणायलते."

अक्का हसली. खरंच हसली, तोंडाला पदर न लावता. "त्येंला बुटाचं लई," म्हणाली. "लग्नात बी चिखल लागला म्हणून..." खटकचिंचोळीच्या बाईनं तिला कवेत घेतलं. आणि मग त्या घरात जो आवाज उठला, तो मी त्याआधी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शिपाई उठून अंगणात गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

म्हणजे ज्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा हेडफोन कानाला लावले, त्याच्या कितीतरी आधी भाऊजी गेले होते. आम्ही ऐकत होतो तेव्हा ऐकण्यासारखं तिकडं काही उरलंच नव्हतं. मिक्सर कितीही चांगला बनवला असता, तरी जे नाव तिकडून निघतच नव्हतं ते आत कुठून येणार होतं? हे मला नीट कळतं. तरी आजही एखाद्या रेडिओत शिट्टी वाजली की मी घाईघाईनं डायल फिरवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं इष्टलिंगाची पूजा केली, कपाळाला फक्त विभूती लावली आणि पाणी भरायला गेली. दुबलगुंडीहून दीर आले. त्यांनी दुसरं लग्न लावून देण्याची गोष्ट काढली. आमच्यात तशी रीत होती, आणि त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ती म्हणाली, "इतके दिवस हेच एक काम केलं, भाऊ. आता दुसरं काही सुरू करायची ताकद न्हाई." पुन्हा तो विषय निघाला नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमच्या बाजूला दिवस वाईट आले. लुटालुटीच्या धाकानं गावं ओस पडायला लागली. आम्हीही इतरांसारखे संस्थानाची हद्द ओलांडून सोलापूरला एका नात्यातल्या घरी जाऊन राहिलो. जाताना सेट तिथंच टेबलावर सोडला. नंतर परतलो तेव्हा घरात ना टेबल होतं, ना सेट. कुणी नेला ते मी विचारलं नाही.

सोलापुरात त्या गल्लीच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल होतं. तिथं मोठा रेडिओ होता. सप्टेंबरात हिंदी फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, तेव्हा सगळी गल्ली त्या हॉटेलासमोर लोटली. बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडची किती माणसं मागं राहिली होती, आणि प्रत्येकाला आपल्या गावाचं काय झालं ते कळायला हवं होतं. मी अक्काला हाक मारली. ती परातीत पीठ मळत होती.

"चल की. बातम्या लागल्यात."

"तू ये ऐकून," ती म्हणाली.

"बिदरचं सांगतील आता."

"तू ये ऐकून. मी हितं बरी हाय."

मी एकटाच गेलो. गर्दीत मागं उभं राहून ऐकलं. आवाज अगदी स्वच्छ येत होता. परत आलो तेव्हा तिच्या भाकरी झाल्या होत्या. तिनं काही विचारलं नाही. ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव आधी."